कोंबड्याची मान

सुताराच्या बायकोला गावात फौजदारीण म्हणत. नवऱ्याने उभ्या जन्मात रंधा आणि करवत सोडून दुसरं हत्यार हातात धरलं नव्हतं, पण हिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. दारात येऊन कुणी गोड बोललं की ही आधी त्याच्या हातांकडे बघायची. कुणी नुसतंच हसलं, तर का हसला म्हणून दिवसभर कोड्यात पडायची. संशयाला औषध नाही म्हणतात, पण हा आजार आहे असं तिला कधी वाटलंच नाही. तिच्या मते गावात शहाणी बाई एवढी एकच होती, आणि बाकीचे ते मान्य करत नव्हते इतकंच.

बरं, संशयाला कारणंही होती. चादरींचंच घ्या. दर वर्षी बर्फ वितळायला लागला की तिची एखादी पांढरी चादर नाहीशी व्हायची. कधी दोरीवरून, कधी थेट कपाटातून. माहेरच्या चादरी होत्या त्या, जाड विणीच्या, धुवून धुवून मऊ झालेल्या. दोन-तीन गेल्यावर तिने उरलेल्या सगळ्यांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घातली. तरी जायच्या त्या गेल्याच. अंगणाच्या पलीकडे धाकटी जाऊ राहायची, आणि दोरीला हात पोचेल असं दुसरं कुणी नव्हतं. फौजदारिणीने तोंडाने चोर म्हटलं नाही. जावेच्या घरात पाऊल टाकायचं मात्र सोडलं, आणि तिने मीठ-साखर मागितली तर कुंपणावरून द्यायला लागली. जाऊही काही कमी नव्हती, तिने मागायचंच सोडलं.

या सगळ्यात मधल्यामध्ये चेपला जायचा तो दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता. सासू आधीच गेलेली, त्यामुळे त्याचं नाक पुसण्यापासून त्याला गाई धुवायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आता तो गावातला सगळ्यात मोठा कळप राखायचा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "आहे की, मिशा असलेलं."

पण हे मिशावालं मूल अलीकडे खचलं होतं. गेली काही वर्षं दुधाची धार बारीक होत चालली होती. गुरं वरच्या कुरणावरून उतरायची ती बरगड्या दाखवतच. मीठ बदललं, वळू बदलला, डॉक्टर आणला. शेवटी हिवाळ्यात त्याने सांगून टाकलं, "वहिनी, यंदाचं कुरण वाईट गेलं तर गुरं विकणार आणि खाली शहरात जाणार. एका गोदामात पहारेकऱ्याची जागा आहे." त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. गुरं गेली म्हणजे तो गेला, आणि तो गेला की अंगणापलीकडे नुसतं एक कुलूप उरणार.

आता कोंबड्याविषयी सांगायला हवं. ओढ्यापलीकडच्या डोंगरावर बर्फाचा एक पट्टा दर वर्षी सगळ्यांत शेवटी उरायचा. खाली गुबगुबीत पोट, वर तुरा, आणि दोहोंच्या मध्ये बारीक मान. ही मान वितळून तुटली, की कुरणावरचं गवत गुरांजोगं झालं असं समजायचं. मग सुताराच्या घरच्या पुरुषाने ओट्यावर उभं राहून हाक द्यायची आणि गोठ्यांची दारं उघडायची. हे पणजोबा-खापरपणजोबांपासून चालत आलेलं. हाक येईपर्यंत पलीकडच्या उतारावर कुणी पाय ठेवायचा नाही, कारण ओल्या मातीत कोवळं गवत तुडवलं की ते मुळासकट जातं. फक्त हाकेच्या घरच्या माणसाने अधूनमधून जाऊन कोंबडा जवळून बघून यायचा. मागे एकदा दीर म्हणालाही होता, "दादा, वर हिरवं दिसतंय रे." सुताराने विचारलं, "कोंबडा उभा आहे ना?" कोंबडा उभा होता. विषय संपला.

यंदा ओंडके उतरवताना सुताराचा पाय मोडला, आणि तो खिडकीजवळच्या खाटेवर येऊन पडला. आणि नेमकी यंदाच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एका सकाळी ती दूध तापवत असताना तिला खिडकीतून दिसलं, की कोंबड्याचं डोकं एकीकडे आणि धड एकीकडे.

"अहो! मान गेली!"

सुताराने बघितलं. मग डोळे मिटून घेतले. "खोटं आहे ते," तो म्हणाला. "अजून वेळ झालेली नाही. हाक द्यायची नाही."

"खोटं म्हणजे? बर्फ काय नाटक करतोय?"

"हाक द्यायची नाही म्हटलं ना."

दूध उतू गेलं. तिने ते पुसलं नाही. बर्फ आपणहून खोटं बोलत नसतो, म्हणजे कुणीतरी त्याला बोलायला लावलं असणार. फौजदारिणीला ती कोण, ते शोधायला फार वेळ लागला नाही.

गावात गेल्या पानगळीपासून एक तरुण बाई येऊन राहिली होती. शहरातल्या कुठल्याशा कार्यालयाने पाठवलेली. तिने डोंगरावर ठिकठिकाणी लोखंडी खांब रोवले होते, आणि ते खांब म्हणे ऊन, वारा, बर्फ यांची खबर आपण होऊन तिला धाडायचे. गाव तिला खांबवाली म्हणायचं. डोंगर बदलतोय, आपणही कसं बदलायचं ते मिळून ठरवू, असं ती घरोघरी सांगायची. गावाने त्याचा अर्थ लावला की हिला कुरण घेऊन झाडं लावायची आहेत. एकदा तिने सगळ्यांना शाळेत बसवून कागद-रंग दिले आणि म्हणाली, नातवंडं म्हातारी होतील तेव्हा हा डोंगर कसा दिसेल ते काढा. दिराने काहीच काढलं नाही. जावेने धुकं काढलं, म्हणजे कागद करडा करून टाकला. फौजदारिणीने डोंगराला कुंपण काढलं आणि कुंपणाला कुलूप. सुताराने कोंबडा काढला, आणि त्याची मान चांगली जाडजूड. "इतक्या वर्षांनीही असेल का हो तो?" खांबवालीने विचारलं होतं. "असायला हवा," सुतार म्हणाला होता.

अंगणातला बर्फ लवकर जावा म्हणून गावात सगळेच त्यावर चुलीतली राख टाकत. काळ्यावर ऊन जास्त बसतं आणि बर्फ पटकन पाणी होतो, हे शेंबडं पोरही जाणत होतं. तेव्हा खांबवालीने पानगळीत वर जाऊन कोंबड्याच्या मानेच्या जागी राखेची पोती ओतून ठेवली, हे फौजदारिणीला लख्ख दिसलं. कोंबडा खोटा पडला की गाव हाकेवरचा विश्वास सोडणार. विश्वास सुटला की कुरण सुटणार. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला ते तितकंच लख्ख दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सभा भरली. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली. भिंतीवर ती सगळी चित्रं अजून चिकटवलेली होती.

"राख टाकली का नाही, एवढंच सांग," फौजदारीण म्हणाली.

"काकू, मी कशाला राख टाकू?" खांबवाली म्हणाली. "ऊन वाढलंय. शेजारच्या खोऱ्यात बर्फ कधीपासून लवकर जायला लागलाय. खालच्या गावांत फुलं लवकर येतात."

"मग आमचा कोंबडा गेल्या वर्षीपर्यंत वेळेवर कसा मोडत होता? तू आलीस आणि यंदाच बरा मोडला!"

बाकांवर टाळ्या पडल्या. खांबवाली गोंधळली. "तेच तर मला कळत नाही," ती म्हणाली. "सगळा डोंगर एका बाजूला आणि तुमचा कोंबडा एका बाजूला. असं व्हायला नको."

चोराच्या मनात चांदणं, असं फौजदारीण शेजारणीला ऐकू जाईल इतपत पुटपुटली.

तेवढ्यात जाऊ उठली. सभेत ती कधी बोलत नसे. "सुकं गवत संपलंय," ती म्हणाली. "या बाजाराला दलाल गुरं बघायला येतोय. जाऊबाई, राख कुणी टाकली ते नंतर शोधा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? वर गवत आलं असेल तर ते आलेलंच आहे."

"आणि नसेल आलं तर? कुरण कायमचं जाईल!" फौजदारीण कडाडली. दीर खाली मान घालून बाकावर नखाने रेघा ओढत बसला होता. त्याने वर बघितलं, ते बायकोकडेही नाही आणि वहिनीकडेही नाही. शेवटी असं ठरलं, की कुणीतरी वर जाऊन बघावं. राख सापडली तर खांब उपटायचे आणि बाईला गाडीत बसवून द्यायचं. हाकेच्या घरचा पुरुष खाटेवर, तेव्हा फौजदारिणीने जावं. तिने एकच अट घातली. खांबवाली बरोबर हवी. तिला मागे ठेवली तर ती मागे काय करेल, याचा नेम नव्हता.

घरी येऊन तिने सगळा वृत्तान्त सांगितला. जावेची नक्कल करून कोंबडं झाकण्याची म्हणही म्हणून दाखवली. सुताराच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला. "गुडघे दुखतात तुझे."

"दुखू देत."

"वाट घसरडी आहे. मी बरा झालो की जाईन."

"तोवर भावजींची गुरं बाजारात उभी असतील."

"अगं, ऐक ना जरा. काय मिळणार आहे तिथे?"

इतकं त्याने उभ्या संसारात तिला कधी विनवलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं. खांबवालीने याचेही कान भरले असावेत, असा तिने निष्कर्ष काढला आणि काठी उचलली.

ओढा ओलांडून दोघी चढायला लागल्या. फौजदारीण मागे राहिली, म्हणजे पुढचीवर नजर ठेवता येते. खांबवाली मधूनमधून वळून हात पुढे करायची, आणि ही तो हात घ्यायची नाही. पहिल्या टेपाडावर पोचल्यावर मात्र ती आपणहून थांबली.

कुरण पोटरीपर्यंत वाढलं होतं. तिने मूठभर गवत उपटलं, काडी दातात धरली. रसरशीत होती. पण टोकाला कोवळी कणसं डोकवायला लागली होती. आणखी थोडे दिवस गेले की याच्या काड्या होणार, आणि मग गुरांनी चावून चावून जबडे दुखवायचे. तिने पायाने खालचं गवत बाजूला सारलं. तळाशी गेल्या वर्षीच्या काड्या आडव्या पडल्या होत्या. जाड, पिवळ्या, गुरांनी तोंडही न लावलेल्या. त्यांच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीच्या.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. चल."

कोंबड्याच्या मानेपाशी दगडांची घळ होती. वर तुऱ्याचा बर्फ, खाली पोटाचा, आणि मधली जागा उघडी, ओली. फौजदारीण गुडघ्यावर बसली आणि राख शोधायला लागली. राख नव्हती. दगडांच्या फटींत मऊ, तपकिरी, दाबलेलं काहीतरी होतं. वर जरा फिकट, खाली खाली काळपट, थरावर थर. तिने चिमूट घेऊन नाकाशी धरली. हा वास ती रोज नवऱ्याच्या सदऱ्यातून झटकायची. लाकडाचा भुसा होता तो.

"भुसा?" खांबवाली शेजारी वाकली. "पण भुशाने तर बर्फ टिकतो. लोक साठवायला..." ती मध्येच थांबली आणि कपारीकडे बघत राहिली.

तिथे, पाऊस लागू नये अशा बेताने, एक लाकडी दाताळं ठेवलं होतं. एकही खिळा नाही, सगळं खुंट्या मारून जोडलेलं. असं काम सगळ्या खोऱ्यात एकच माणूस करायचा. त्याच्यामागे कापडांच्या गुंडाळ्या होत्या. फौजदारिणीने एक ओढली. चादर होती. उन्हापावसाने पिवळी पडलेली, काठ दगडांनी फाटलेला. तिने कोपरा चाचपला. बोटाला लाल दोऱ्याची फुली लागली.

एकेक करून तिने सगळ्या उलगडल्या. खाली भुसा, वर पांढरी चादर, आणि ओढ्यापलीकडून बघणाऱ्याला कोंबडा ताठ मानेने उभा. वर्षानुवर्षं सगळं गाव तिच्या चादरीकडे डोळे लावून बसलं होतं, आणि गवत इकडे पिकून वाळून जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा तिनेच सगळ्या गावाला घालायला लावला होता. आधी तिला हसू आलं. मग जावेचं तोंड डोळ्यांसमोर आलं, कुंपणापलीकडे वाटी धरून उभं राहिलेलं, आणि तिला लाज वाटली. आयुष्यात ही गोष्ट तिला फार कमी वेळा वाटली होती, त्यामुळे आधी ती ओळखूच आली नाही.

"मी कुणाला काही सांगणार नाही," खांबवाली म्हणाली. "तुमच्या घरचं आहे. तुम्ही ठरवा."

एवढी भली का वागतेय ही, असा विचार फौजदारिणीच्या मनात आलाच. पण उतरताना तिने तिचा हात धरला. चादरींचं ओझं होतं ना.

सुतार खिडकीतून वाटेकडेच बघत होता. तिने गुंडाळ्या त्याच्या खाटेवर टाकल्या. त्याने वरच्या चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. मग म्हणाला, "बाबा शेवटचे आजारी होते तेव्हा. याच खाटेवर. पहिल्यांदा मान लवकर जायला लागली ती मी वर गेलो तेव्हा बघितली. बाबा रोज इथून कोंबड्याकडे बघायचे. म्हणायचे, माणसं चुकतात, कोंबडा चुकत नाही. जाणाऱ्या माणसाला ते कशाला दाखवायचं? म्हटलं, एवढं वर्ष झाकू."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आणखी लवकर जायला लागली. आता उघडं केलं तर गेल्या वर्षीचंही कळणार. एकदा झाकलं की झाकतच राहावं लागतं गं."

"माझ्याच चादरी?"

"पांढऱ्या तुझ्याच होत्या."

"मी जावेला चोर समजत होते. तुम्ही बघत होतात."

"तू तोंडाने कधी म्हणाली नाहीस," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच ते ऐकवेना. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

"अहो, तुमचा भाऊ गावातून चाललाय! त्याची गुरं इतकी वर्षं वाळक्या काड्या खात होती. तुम्हाला एकदा सुद्धा गवत बघावंसं वाटलं नाही?"

"मी सुतार आहे," तो भिंतीला म्हणाला. "आमच्या घराने कोंबडा बघायचा. गवताकडे बघायला कुणी सांगितलंच नव्हतं."

तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तो म्हातारा सासरा, खिडकीत मान वळवून बघणारा, डोळ्यांसमोर आला. त्याला भरवायलाही तीच बसायची. इतकी वर्षं हाच एक माणूस असा होता, ज्याच्या हातांकडे तिने कधी बघितलं नव्हतं. ती तशीच बाहेर गेली.

सकाळी गावाला जाग आली तेव्हा सुताराच्या अंगणातली दोरी भरलेली होती. डाग पडलेल्या, फाटक्या, पिवळ्या चादरी, कोपऱ्यांतल्या लाल फुल्या रस्त्याच्या बाजूला. फौजदारीण दोरीखाली उभी होती. लोक जमले. जाऊ अंगणापलीकडून आली आणि एका फुलीवरून बोट फिरवून थांबली.

"चोर सापडला," फौजदारीण म्हणाली. "माझ्याच घरात होता. तू माफ कर किंवा नको करूस, पण आज मीठ मागायला मी तुझ्या घरात येणार आहे."

मग तिने सगळ्यांना सगळं सांगितलं. भुसा, चादर, बाबा, काहीही मागे न ठेवता. खांबवाली गर्दीच्या कडेला होती. फौजदारिणीने तिच्याकडे बघून फक्त मान हलवली, आणि माफी मागणं म्हणून तिच्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

आतून सुताराने खिडकी उघडली. कोपरावर उठून त्याने छाती भरून घेतली आणि हाक दिली. ती मध्येच फाटली. त्याने ती पुन्हा दिली, पूर्ण. एकही गोठा उघडला नाही. लोक ना खिडकीकडे बघत होते, ना डोंगराकडे. ते दिराकडे बघत होते.

दीर चादरींच्या मधून चालत वहिनीपाशी आला. "वरून काही आणलंत?"

तिने पदराची गाठ सोडली आणि ते मूठभर गवत त्याच्या हातावर ठेवलं. त्याने काडी चावली, कणीस नखाने फोडून बघितलं. मग गोठ्याशी जाऊन म्हाताऱ्या गाईपुढे हात धरला. गाईने हुंगलं, खाल्लं, आणि आणखी हवं म्हणून त्याचा रिकामा तळहात चाटत राहिली. त्याने दाराचा अडसर काढला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या गोठ्याचा अडसर वाजला, मग तिसऱ्या.

गुरं अंगणावरून जात असताना तो वहिनीजवळ क्षणभर थांबला. खिडकीकडे त्याने बघितलं नाही. ते इतक्यात होणार नव्हतं.

"दलालाला नको म्हणून सांगा," तो म्हणाला. "यंदापुरतं. आणि पुढच्या वर्षीपासून हाक तुम्ही द्यायची."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"कुणालाच कळत नाही आता. पण तुमचा कशावरच विश्वास बसत नाही, वहिनी. दर वेळी वर जाऊन बघून याल. तसंच माणूस पाहिजे."

तो गुरांमागे निघून गेला. ह्यात ह्याचा काय डाव असेल, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने दोरीवरची जवळची चादर ओढली आणि तिच्यात तोंड खुपसून रडायला लागली. चादरीला भुशाचा वास येत होता.